सर्व्हरचा सातबारा कसा वाचावा

बावड्याच्या शिवारातल्या एखाद्या जमिनीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर पाहायचा असेल, तर आधी विभाग, मग जिल्हा पुणे, तालुका इंदापूर, गाव बावडा आणि सरतेशेवटी गट क्रमांक अशा पायऱ्या उतराव्या लागतात. नुसता गट क्रमांक सांगून भागत नाही, कारण त्याच क्रमांकाचा गट निमगाव केतकीतही असतो आणि बारामती तालुक्यातल्या सांगवीतही. हे सगळ्यांच्या सवयीचं आहे. त्या मानानं एक गोष्ट कमी लक्षात येते. सातबारा म्हणून आपण जो कागद हातात घेतो, त्यात गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा अशा दोन स्वतंत्र नोंदी असतात. सातमध्ये कोणाचा हक्क, क्षेत्र किती, बोजा कोणाचा, हे ठरलेलं लिहिलेलं असतं. बारामध्ये यंदाच्या हंगामात रानात प्रत्यक्ष काय उभं आहे, ते पाहणी करून लिहिलेलं असतं. पत्ता एकच, पण एक नोंद ठरवलेल्याची आणि दुसरी चाललेल्याची. ॲप्लिकेशन सर्व्हर सांभाळणाऱ्यानं या दोन नोंदी शेजारी-शेजारी ठेवून वाचायला शिकावं, आणि त्यासाठी ठिपके देऊन लिहिलेल्या उतरंडीच्या नावांइतकं सोयीचं साधन दुसरं नाही, असं मला वाटतं. बारामती-इंदापूर पट्ट्यात संगणकशास्त्र शिकून एखाद्या पतसंस्थेचा, कारखान्याचा किंवा महाविद्यालयाचा सर्व्हर ज्यांच्या गळ्यात पडतो, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

उदाहरणाला ग्लासफिश घेऊ. सन मायक्रोसिस्टिम्सनं हा जावाचा सर्व्हर 2005 मध्ये खुल्या स्रोतात आणला, 2010 मध्ये सनबरोबर तो ओरॅकलकडे गेला आणि पुढे एक्लिप्स फाउंडेशनकडे आला. त्याची सातवी मोठी आवृत्ती 2022 च्या अखेरीस निघाली. त्याच मुळावर वाढलेला पयारा नावाचा सर्व्हरही वापरात आहे. दोन्हीकडे एएसॲडमिन नावाचं हुकमी साधन मिळतं, आणि त्यातल्या लिस्ट, गेट व सेट या तीन आज्ञांवर निम्मा कारभार चालतो. लिस्ट म्हणजे या पत्त्याखाली कोणकोण राहतं ते दाखव, गेट म्हणजे अमक्याची किंमत सांग, सेट म्हणजे ती बदल. तिन्ही आज्ञांना लागतं ते ठिपक्यांचं नाव. इथे सगळी नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत करायची.

असं एक नाव उलगडून पाहू: कॉन्फिग्ज.कॉन्फिग.सर्व्हर-कॉन्फिग.नेटवर्क-कॉन्फिग.नेटवर्क-लिसनर्स.नेटवर्क-लिसनर.एचटीटीपी-लिसनर-1.पोर्ट. एवढी लांबण पाहून नवशिक्याचा धीर सुटतो, पण ती दोनतीनदा सावकाश वाचली की त्यातली लय सापडते. कॉन्फिग्ज हा समूह, कॉन्फिग हा त्यातला प्रकार, सर्व्हर-कॉन्फिग हे त्या प्रकारातल्या एकाचं स्वतःचं नाव. पुढे नेटवर्क-लिसनर्स हा पुन्हा समूह, नेटवर्क-लिसनर प्रकार आणि एचटीटीपी-लिसनर-1 हे विशिष्ट नाव. शेवटचा तुकडा मात्र गुणधर्माचा, म्हणजे पोर्ट, आणि नव्यानं बसवलेल्या सर्व्हरवर त्याचं उत्तर 8080 असं येतं. प्रकार आणि नाव असे एकाआड एक शब्द येणं म्हणजे 'तालुका इंदापूर, गाव बावडा' असं लिहिण्यासारखंच. 'इंदापूर' हा शब्द एकटा असता तर तो तालुका की शहर, असा प्रश्न उरला असता. दिशा मात्र ध्यानात ठेवावी. इथे मोठं डावीकडे आणि लहान उजवीकडे असतं. इंटरनेटवरच्या संकेतस्थळांच्या नावात हे नेमकं उलटं आहे. तिथे सर्वात मोठा घटक शेवटी येतो, म्हणून दोन्हींत ठिपके दिसले तरी वाचायची रीत एक नाही.

ही उतरंड कोणी सोयीसाठी वरून चिकटवलेली नाही. सर्व्हरच्या डोमेनची सगळी मांडणी डोमेन.एक्सएमएल नावाच्या एका फाइलीत असते आणि ठिपक्यांचं नाव म्हणजे त्या फाइलीतल्या घरात घर अशा रचनेतून काढलेली वाट. त्यामुळे नावं पाठ करायची गरज नसते. वरच्या थरापासून लिस्ट देत खाली उतरलं की पत्ता आपोआप सापडतो. तारांकनाचाही वापर करता येतो. 'सर्व्हर.*' असं दिलं की त्याखालचं सगळं पुढ्यात येतं. लिनक्सवर हे तारांकन अवतरणचिन्हांत ठेवायचं, नाहीतर शेल त्याचा अर्थ चालू फोल्डरमधल्या फाइली असा लावण्याची शक्यता असते आणि आज्ञा भलत्याच नावांनिशी जाते. आणखी एक खबरदारी नाव ठेवतानाच घ्यावी. एखाद्या पूलचं (म्हणजे डेटाबेसच्या जोडण्यांच्या साठ्याचं) किंवा रिसोर्सचं नाव ठेवताना त्यात ठिपका घातला, तर पुढे प्रत्येक आज्ञेत त्या ठिपक्याआधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते, आणि ती रेघ शेलनं गिळू नये म्हणून पुन्हा अवतरण. 'पतसंस्था.मुख्य' असं नाव सुचलं तर 'पतसंस्था-मुख्य' ठेवावं. एका आडव्या रेघेनं पुढची कित्येक वर्षं सोपी होतात.

इथवर झाला नमुना सात. नमुना बारा वाचायला गेट आणि लिस्टला मॉनिटरचा पर्याय जोडायचा. मग नावांचं झाड बदलतं. सर्व्हर.जेव्हीएम.मेमरी.यूज्डहीपसाइझ-काउंट असं विचारलं की या घटकेला जावाच्या ढिगात किती बाइट वापरात आहेत ते कळतं. नावाच्या शेपटाकडे पाहा. ठरवलेल्या गोष्टींच्या नावाअखेर पोर्ट, मॅक्स-पूल-साइझ असे गुणधर्म येतात. चाललेल्याच्या नावाअखेर काउंट, करंट, हायवॉटरमार्क, लोवॉटरमार्क, लास्टसॅम्पलटाइम असे मोजमापाचे शब्द येतात. करंट म्हणजे आत्ताचा आकडा, हायवॉटरमार्क म्हणजे मोजणी सुरू झाल्यापासून गाठलेली सर्वात वरची पातळी. आणि दोन्ही झाडांत एक मूलभूत फरक आहे. पहिल्या झाडावर सेट चालतं, दुसऱ्यावर चालत नाही. किती जोडण्या वापरात आहेत हा आकडा हुकूम देऊन कमी होत नाही. बारावर ऊस लिहिल्यानं रानात ऊस उगवत नाही, तसंच.

नवशिक्यांची सर्वाधिक फसगत होते ती इथेच. ग्लासफिशमध्ये मोजणीची पातळी प्रत्येक विभागासाठी ऑफ, लो किंवा हाय अशी ठरवावी लागते, आणि सुरुवातीला सगळीकडे ऑफ असते. ऑफ असताना त्या विभागाची पानं झाडावर फुटतच नाहीत. लिस्ट दिलं की काही दिसत नाही, आणि बघणारा म्हणतो की सर्व्हरवर काही ताण नाही. पीकपाहणी झालेली नाही म्हणून बारा कोरा आहे आणि रान पडीक आहे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत ज्यांची नोंद राहून गेली, त्यांना हा फरक नुकसानभरपाईच्या वेळी चांगलाच समजला असेल. तेव्हा आधी पाहणी सुरू करावी. कॉन्फिग्ज.कॉन्फिग.सर्व्हर-कॉन्फिग.मॉनिटरिंग-सर्व्हिस.मॉड्यूल-मॉनिटरिंग-लेव्हल्स या पत्त्याखाली जेव्हीएम, जेडीबीसी-कनेक्शन-पूल, थ्रेड-पूल असे विभाग आहेत. हवा तो सेटनं लो किंवा हाय करायचा. म्हणजे पाहणी करायची की नाही, हा निर्णय नमुना सातच्या झाडावर आहे आणि पाहणीत दिसलेलं नमुना बाराच्या झाडावर. हाय पातळीला सर्व्हरवर थोडा बोजा पडतो. म्हणून तपास चालू असेपर्यंत हाय आणि एरवी लो, हा व्यवहार्य मार्ग.

दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यानं नेमकं काय हाती लागतं, ते एका प्रसंगावर ताडून पाहू. समजा, गळीत हंगाम ऐन भरात आहे, वजनकाट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली आहे, आणि पावतीचं सॉफ्टवेअर अडखळतंय. हाताशी असलेला सोपा उपाय म्हणजे सर्व्हर बंद करून चालू करणं. त्यानं तासभर बरं वाटतं आणि पुरावा मात्र पुसला जातो, कारण मोजणीचे आकडे स्मरणात असतात, सर्व्हर उठताना ते शून्यावरून सुरू होतात. त्याऐवजी आधी ठरवलेलं विचारावं. रिसोर्सेस.जेडीबीसी-कनेक्शन-पूल या पत्त्यापुढे आपल्या पूलचं नाव आणि त्यापुढे मॅक्स-पूल-साइझ. कोणी हात लावला नसेल तर 32 येईल. स्टेडी-पूल-साइझ 8 असेल, आणि मॅक्स-वेट-टाइम-इन-मिलिस 60000, म्हणजे जोडणी मिळाली नाही तर मागणारा मिनिटभर ताटकळत राहतो आणि मग चूक दाखवून परततो. आता चाललेलं विचारावं. सर्व्हर.रिसोर्सेस आणि पूलचं नाव या पत्त्याखाली नमकनयूज्ड-करंट, नमकनयूज्ड-हायवॉटरमार्क, वेटक्यूलेंग्थ-काउंट आणि नमकनटाइम्डआउट-काउंट हे चार आकडे पाहावेत.

हायवॉटरमार्क 11 असेल तर पूलकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही, दुखणं डेटाबेसच्या एखाद्या मंद प्रश्नात किंवा नेटवर्कमध्ये शोधावं. हायवॉटरमार्क 32 ला टेकलेला आहे आणि रांगेचा आकडा वाढतोय, तर पूल अपुरा पडतोय हे खरं, पण का, हे अजून ठरलेलं नाही. त्यासाठी काटा थांबल्यावर, रांग ओसरल्यावर, करंट पुन्हा पाहावा. तो दोनतीनवर उतरला तर गर्दी खरी होती. काटा बंद असूनही तो 30-32 वरच अडून बसला, तर सॉफ्टवेअर जोडणी घेऊन परत करत नाही, म्हणजे गळती आहे, आणि पूल मोठा करणं म्हणजे गळक्या टाकीची उंची वाढवणं. गळतीची खातरजमा करायला पूलचा कनेक्शन-लीक-टाइमआउट-इन-सेकंड्स हा गुणधर्म शून्यावरून वर न्यावा, मग नमपोटेन्शियलकनलीक-काउंट बोलायला लागतो. तो गुणधर्म शून्यावर असेपर्यंत गळती मोजलीच जात नाही. आणि गर्दी खरी निघाली, तरी 32 चे एकदम 200 करण्याआधी समोरच्या डेटाबेसला विचारावं. पोस्टग्रेस मूळ स्थितीत 100 जोडण्याच घेतो, मायएसक्यूएल 151. एकाच डेटाबेसवर दोनतीन पूल बसलेले असतील तर त्यांच्या कमाल मर्यादांची बेरीज या आकड्याच्या आत राहायला हवी. या सगळ्या तपासात एकही अंदाज बांधावा लागला नाही. प्रत्येक पायरीवर एक नाव विचारलं आणि एक आकडा मिळाला.

यावर पहिला आक्षेप असा येतो की 4848 पोर्टवर ब्राउझरमध्ये चांगला चित्रमय कन्सोल मिळतो, माउसनं सगळं होतं, मग ही लांबलचक नावं कशाला? पहिल्या ओळखीसाठी कन्सोल उत्तमच आहे. झाडाचा आकार डोळ्यांत बसायला तो मदतच करतो. अडचण येते ती नंतर. कन्सोलवर केलेला बदल तोंडी सांगावा लागतो: डावीकडे अमुक उघड, तिसऱ्या टॅबवर जा, खालचा चौकोन टिपून घे. फोनवर हे सांगताना दोन्ही बाजूंचा घाम निघतो. ठिपक्यांचं नाव आणि त्यापुढची किंमत ही एक ओळ असते. ती जशीच्या तशी पाठवता येते, वहीत उतरवता येते, उद्या दुसऱ्या सर्व्हरवर चालवता येते. महसुलात फेरफाराशिवाय सातबारा बदलत नाही, सहा नंबरच्या वहीत आधी नोंद पडते. सर्व्हरच्या बाबतीत ही वही कोणी देत नाही, ती आपणच ठेवायची. सेट चालवण्याआधी त्याच नावावर गेट चालवून जुनी किंमत तारखेनिशी लिहावी, मग नवी किंमत, कारण आणि कोणाच्या सांगण्यावरून, ते लिहावं. अशा ओळी एका फाइलीत साठवल्या तर मल्टीमोड या आज्ञेला ती फाइल देऊन सगळे बदल एका दमात पुन्हा करता येतात, आणि यंत्र जळून नवं आलं तरी पहिल्यापासून आठवत बसावं लागत नाही.

दुसरा आक्षेप जरा जाणकारांचा असतो. नावं शेवटी डोमेन.एक्सएमएलमधूनच आलेली, तर ती फाइलच उघडून हातानं का बदलू नये? बदलता येते. पण चालू सर्व्हर ती फाइल स्मरणात धरून असतो, आणि तुम्ही हातानं लिहिलेलं त्याच्या पुढच्या लेखनात वाहून जाऊ शकतं. शिवाय एक कंस चुकला तर सर्व्हर उठतच नाही. सेटमधून गेलेली चुकीची किंमत बऱ्याचदा जागेवरच नाकारली जाते. एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. ठिपक्यांची नावं सर्वत्र पुरत नाहीत. नवा पूल सेटनं जन्माला येत नाही, त्याला वेगळी क्रिएट आज्ञा लागते. जावाच्या ढिगाची कमाल मर्यादा जेव्हीएम ऑप्शन्समध्ये असते आणि ती बदलायला क्रिएट-जेव्हीएम-ऑप्शन्स आणि डिलीट-जेव्हीएम-ऑप्शन्स वापरावे लागतात. काही बदल सर्व्हर पुन्हा सुरू केल्याखेरीज लागू होत नाहीत. लिस्ट-डोमेन्स दिलं की पुनःसुरुवात बाकी असल्याचं तिथे सांगितलेलं असतं, आणि सेटनंतर ते पाहण्याची सवय लावून घ्यावी. नाहीतर सात बदलला, आणि रानात मात्र जुनीच वहिवाट, अशी स्थिती होते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. आजकालची देखरेखीची साधनं, विशेषतः 2012 मध्ये साउंडक्लाउड कंपनीत सुरू झालेलं प्रोमिथियस, उतरंडीची नावं मानत नाहीत. तिथे मोजमापाला एक सपाट नाव असतं आणि त्याला चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात: कुठला सर्व्हर, कुठलं ॲप, कुठली शाखा. 'सगळ्या शाखांतल्या सगळ्या पूलांची बेरीज दे' हा प्रश्न चिठ्ठ्यांनी चटकन सुटतो. उतरंडीत त्यासाठी प्रत्येक फांदीवर चढावं-उतरावं लागतं. हे खरं आहे, आणि दहापंधरा सर्व्हर असतील तिथे प्रोमिथियससारखं काही बसवावंच. पण या वादात दोन वेगळ्या गरजा एकमेकींत मिसळल्या जातात. सातबारा जमिनीच्या पत्त्यानं लावलेला असतो. एका माणसाची गावातल्या निरनिराळ्या गटांत विखुरलेली जमीन एकत्र पाहायची असेल तर आपण आठ-अ काढतो, आणि तो खात्यानुसार आडवा कापलेला असतो. आठ-अ आला म्हणून सातबारा रद्द झाला नाही. त्याचा प्रत्येक आकडा शेवटी कुठल्या तरी गटाच्या उताऱ्यावर जाऊन टेकतो. चिठ्ठ्यांवरून 'अमक्या सर्व्हरवर जोडण्या संपल्या' एवढं कळतं. तिथे जाऊन काय बदलायचं, ते मात्र पत्त्यावरच लिहिलेलं असतं.

ही कल्पना ग्लासफिशपुरती नाही, म्हणून त्यावर घालवलेले दिवस वाया जात नाहीत. लिनक्सचं सिसकंट्रोल नेट.आयपीव्ही4.आयपी_फॉरवर्ड अशाच ठिपक्यांनी बोलतं आणि त्याचीच दुसरी वाट प्रॉक फोल्डरमध्ये तिरप्या रेघांनी सापडते. वाइल्डफ्लाय सर्व्हर सबसिस्टिम बरोबर डेटासोर्सेस, डेटा-सोर्स बरोबर अमुक, अशी प्रकार-नावाची जोडी तिरप्या रेघांत मांडतो. राउटर आणि स्विच 1988 पासून एसएनएमपीच्या आकडी उतरंडीत आपली खबर देतात. 1.3.6.1.2.1.1.3.0 हे नाव विचारलं की यंत्र किती वेळ चालू आहे ते कळतं. खुद्द ग्लासफिशमध्येही 4848 पोर्टवर /मॉनिटरिंग/डोमेन/सर्व्हर/जेव्हीएम/मेमरी अशी वाट ब्राउझरमध्ये दिली की तेच झाड ठिपक्यांऐवजी रेघांनी उघडतं. दर मिनिटाला आकडे टिपायचे असतील तर हीच वाट स्वस्त पडते, कारण एएसॲडमिनची प्रत्येक हाक नवा जावा उठवते. ते आकडे फाइलीत साठवायची तजवीज मात्र स्वतः करावी.

पत्ते कायमचे नसतात, हे मात्र विसरू नये. 1947 च्या एकत्रीकरण कायद्याखाली पुणे जिल्ह्यातल्या अनेक गावांत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट क्रमांक आले, आणि जुन्या खरेदीखतावरचा नंबर आजच्या उताऱ्यावर सापडेना. ग्लासफिशच्या दुसऱ्या आवृत्तीकडून तिसरीकडे येताना तसंच झालं. सर्व्हर.एचटीटीपी-सर्व्हिस.एचटीटीपी-लिसनर.एचटीटीपी-लिसनर-1.पोर्ट हा जुना पत्ता होता, आणि तिसरीत पोर्ट नेटवर्क-कॉन्फिगखाली राहायला गेला. जुन्या पुस्तकातली आज्ञा 'असं काही सापडलं नाही' म्हणू लागली तर पुस्तक किंवा सर्व्हर खोटा ठरवण्याआधी आवृत्ती तपासावी. आवृत्ती बदलण्याच्या आदल्या दिवशी अवतरणात तारांकन देऊन गेटचा सगळा निकाल एका फाइलीत उतरवून घ्यावा, बदलल्यावर पुन्हा तोच उतरवावा, आणि दोन्ही फाइलींत 8080 किंवा आपल्या पूलचं नाव शोधून जुन्या-नव्या पत्त्यांची जोडयादी करावी. ही फाइल सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ येईल, तेव्हा त्याआधी पासवर्ड हा शब्द तिच्यात शोधावा. पूलच्या प्रॉपर्टी.पासवर्ड या नावापुढे डेटाबेसचा पासवर्ड उघडा लिहिलेला सापडला, तर आधी क्रिएट-पासवर्ड-अलायस वापरून त्याजागी टोपणनाव बसवावं, डेटाबेसमधला पासवर्ड बदलावा, आणि मगच फाइल बाहेर द्यावी.